चलनावर नाव चुकलंय, मग केस उडणार काय?

नाही उडत. नाव चुकलं, वडिलांचं नाव राहिलं, गल्ली दुसरीच पडली, काळ्या गाडीची निळी झाली, तरी फौजदारी केस तेवढ्यानं पडत नाही. बेळगावच्या कोर्ट आवारात अधूनमधून कुणीतरी कागद नाचवत येतो आणि लॉटरी लागल्यागत सांगतो, "मॅडम, ह्यात मिस्टेक घावली की!" मी कागद घेते, वाचते आणि बहुतेक वेळा तसाच परत देते.

बहुतेक वेळा, नेहमी नाही. काही चुका खरंच केस पाडतात. काही दुसऱ्या कशाला तरी जोड म्हणून कामाला येतात. आणि काही तर तुमच्याच अंगावर शेकतात. मी खानापूर आणि बेळगावला फौजदारी बाजू बघते. आमच्याकडं कागद कन्नडमध्ये, पक्षकार मराठी आणि आधार-लायसन इंग्रजीत, त्यामुळं असल्या चुकांना तोटा नाही. कुठली चूक धरायची, कुठली सोडायची, कुठली आजच सांगायची आणि कुठली पोटात ठेवायची, तेवढं इथं मांडते.

आधी कोर्टातला कागद बघा

तुमच्या हातातली पावती किंवा नोटीस म्हणजे केस नव्हे. हेल्मेट नाही, नो पार्किंगमध्ये गाडी लावली, असल्या गोष्टी मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली दंड भरून तिथंच मिटतात. त्यात स्पेलिंगवरून वकील करणं म्हणजे दंडापेक्षा फी जास्त. पण दारू पिऊन गाडी चालवली, म्हणजे कलम १८५ लागलं, तर पोलिसांना जागेवर दंड घेऊन मिटवायचा अधिकारच नाही. शंभर मिलीलिटर रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं की कोर्ट आलं. पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या खेपेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

कोर्टातली केस उभी राहते ती तिथं दाखल झालेल्या कागदांवर. तुमच्या नोटिशीत घाईत चुकलेला नंबर दाखल कागदात बरोबर असू शकतो, आणि तिथं तो बरोबर असला की तुमच्या हातातल्या चुकीला किंमत उरत नाही. म्हणून पहिलं काम, नकला काढा. पोलिसांनी चार्जशीट घातलं असेल तर ते आणि सोबतचे जबाब तुम्हाला फुकट मिळायला पाहिजेत. बीएनएसएस, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० मध्ये त्यासाठी चौदा दिवसांची मुदत घातली आहे. मगच हातातली नोटीस आणि कोर्टातला कागद शेजारी शेजारी ठेवून वाचा. कन्नड येत नसेल तर येणाऱ्याला बसवून ओळीन् ओळ वाचून घ्या. "साधारण असं लिहिलंय" म्हणणाऱ्याच्या नादाला लागू नका, आपल्याला तारीख, वेळ आणि नंबर पाहिजेत.

खुदा बक्ष आणि हैदर बक्ष

सीआरपीसी, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २१५ मध्ये काही उदाहरणं दिली होती. तेच कलम १ जुलै २०२४ पासून बीएनएसएसमध्ये २३८ म्हणून आलं. त्यातली दोन मी पक्षकारांना हमखास सांगते. एका माणसावर आरोप ठेवला की २१ जानेवारी १८८२ रोजी त्यानं खुदा बक्षचा खून केला. प्रत्यक्षात मेलेल्याचं नाव हैदर बक्ष, आणि तारीख २०. नाव चुकलं, तारीख चुकली, तेही खुनाच्या आरोपात! तरी कायदा म्हणतो, ह्या माणसावर खुनाची केस एकच होती, चौकशीत त्यानं हैदर बक्षबद्दलच सगळं ऐकलं होतं, तेव्हा त्याची दिशाभूल झाली नाही आणि चूक किरकोळ.

दुसऱ्या उदाहरणात आरोपीवर दोन खून. आरोप हैदर बक्षच्या खुनाचा ठेवला आणि खटला चालवला खुदा बक्षच्या खुनाचा. आरोपीनं साक्षीदार आणले होते ते हैदर बक्षच्या बाबतीतले. इथं मात्र दिशाभूल झाली, आणि चूक गंभीर.

कागद कुठला का असेना, स्वतःला एकच विचारायचं: ह्या चुकीमुळं माझ्या बचावाचं काय बिघडलं? सुप्रीम कोर्टानं विली स्लेनीच्या खटल्यात १९५५ सालीच हे स्पष्ट केलंय, आरोपातल्या चुकीनं आरोपीचं खरोखर नुकसान झालं का ते बघायचं. समन्स, फिर्याद, वॉरंट यातल्या चुकांनाही बीएनएसएसच्या कलम ५११ खाली हाच न्याय. न्याय मिळण्यात बाधा आली असेल तरच वरचं कोर्ट निकाल फिरवतं.

समजा, नोटिशीवर तारीख पडली १४. त्या दिवशी तुम्ही शिनोळीच्या कारखान्यात पाळीवर होता, हजेरीचं कार्ड आहे, सुपरवायझर साक्ष द्यायला तयार. सगळी तयारी तुम्ही १४ तारखेची केली आणि कोर्टात साक्षीदार सांगू लागले १५. आता ही चूक धरण्यासारखी आहे. तरी लगेच सुटका होईल असं समजू नका. कोर्ट बहुधा कलम २३९ खाली आरोप दुरुस्त करतं आणि २४० खाली तुम्हाला साक्षीदार परत बोलवायची संधी देतं.

कलमाचा आकडा चुकला तरी हाच हिशेब. ऑगस्ट २०२४ च्या अपघाताला सवयीनं जुन्या आयपीसीचं, म्हणजे भारतीय दंड संहितेचं २७९ लिहिलं, तर ते दुरुस्त होऊन बीएनएस, म्हणजे नव्या भारतीय न्याय संहितेचं २८१ होतं. एक अपवाद मात्र नीट बघा. ३० जून २०२४ च्या रात्री अपघात झाला, माणूस दगावला आणि कागदावर तारीख १ जुलै पडली. निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर आयपीसीच्या जुन्या ३०४-अ ला जास्तीत जास्त दोन वर्षं, बीएनएसच्या नव्या १०६(१) ला पाच. इथं तारखेची चूक तीन वर्षांची आहे. घटनेच्या वेळी होती त्याहून जास्त शिक्षा देता येत नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद २० मध्येच आहे. अशा केसमध्ये हॉस्पिटलची नोंद, रुग्णवाहिकेची वेळ, पहिला फोन कधी गेला, सगळं गोळा करा.

खरं वजन कशात

लोक नावाचं स्पेलिंग बघतात. मी आधी तारखा, वेळा आणि नंबर बघते.

मोटार वाहन कायद्यातलं बेदरकार गाडी चालवणं, कलम १८४, किंवा वेगमर्यादा मोडणं, कलम १८३ असेल तर कलम २०९ वाचा. जागेवरच "तुझ्यावर खटला होऊ शकतो" अशी ताकीद दिली पाहिजे, नाहीतर चौदा दिवसांत गुन्ह्याचं स्वरूप, वेळ आणि ठिकाण लिहून नोटीस पाठवली पाहिजे, नाहीतर अठ्ठावीस दिवसांत समन्स पोचलं पाहिजे. तिन्हीतलं एकही नसेल तर दोषी ठरवता येत नाही. तुम्हीच पत्ता लपवला असेल किंवा प्रयत्न करूनही नाव-पत्ता मिळालाच नसेल, तर मात्र हा बचाव नाही. इथं ठिकाण आणि वेळ लिहिणं कायद्यानंच सांगितलंय, त्यामुळं त्यातल्या चुकीला धार येते.

नुसत्या दंडाचा गुन्हा असेल तर घटनेपासून सहा महिन्यांत कोर्टात फिर्याद पडायला किंवा पोलिसांत गुन्ह्याची खबर नोंदली जायला हवी. एक वर्षापर्यंत कैद असेल तर एक वर्ष, तीन वर्षांपर्यंत असेल तर तीन. उशीर माफ करायचा अधिकार कोर्टाला आहे, पण कारण द्यावं लागतं. अदखलपात्र गुन्हा असेल तर तपासाआधी मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागतो, बीएनएसएसचं कलम १७४. तो हुकूम फायलीत आहे का आणि त्याची तारीख तपासाच्या आधीची आहे का, एवढं बघायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं न देता लोक रंगावरून भांडतात.

चोर्ल्याच्या किंवा अनमोडच्या रस्त्यानं गोव्याची दारू आणताना धरलेल्यांच्या केसमध्ये मी सँपलचा नंबर बघते. पंचनाम्यात बाटलीवर एक नंबर, लॅबच्या रिपोर्टात दुसरा. ह्याला कारकुनी चूक म्हणून सोडायचं नाही. तपासलेली बाटली तीच होती कशावरून, हे सरकारला सिद्ध करता आलं पाहिजे.

आणि दारूच्या नशेत गाडी चालवल्याच्या केसमध्ये ती छोटी चिठ्ठी. मशिनमध्ये फुंकायला लावतात, मशिनमधून पट्टी निघते. मशिननुसार फरक असतो, पण तारीख, वेळ, रीडिंग, टेस्टचा नंबर आणि मशिनचा नंबर त्यावर असतो. भाजीचा टेम्पो चालवणारा एक पक्षकार माझ्याकडं आला. नोटिशीत त्याचं नाव चुकलेलं, बापाचं नाव भलतंच, केए-२२ च्या जागी केए-२३.

"नाव तर माझं न्हवंच की ते," म्हणाला.

"लायसन कुणाचं जप्त केलं?"

"माझं."

"सही कुणाची?"

"माझीच की."

"मग नाव सोड. चिठ्ठी दाव."

चिठ्ठीवर टेस्टची वेळ रात्री ८ वाजून ५० मिनिटं. नोटिशीवर गाडी अडवल्याची वेळ ९ वाजून ३५ मिनिटं. गाडी अडवायच्या पाऊण तास आधी हा फुंकला कसा? साक्षीत अधिकाऱ्यानं साडेनऊच्या सुमाराला अडवल्याचं शपथेवर सांगितलं, मगच चिठ्ठी त्याच्यासमोर धरली. मशिनचं घड्याळ मागं असेल, म्हणाला. घड्याळ कधी तपासलं, मशिन कधी कॅलिब्रेट केलं, ह्याचा कागद फायलीत नव्हता. पक्षकाराला संशयाचा फायदा मिळाला. नाव आणि गाडीचा नंबर ह्यांचा निकालात उल्लेख आला तो एका वाक्यापुरता, "त्यानं फरक पडत नाही" म्हणून.

ही चिठ्ठी थर्मल कागदावर असते. काही महिन्यांत पांढरी फटक होते. मिळाली की त्याच रात्री मोबाईलवर फोटो काढा आणि सकाळी झेरॉक्स. लॅमिनेशन करू नका, उष्णतेनं काळी होते.

एक गैरसमज इथंच काढते. १८५ खाली अटक केली तर दोन तासांत डॉक्टरकडून तपासणी व्हायला पाहिजे, हे खरं. नाही झाली तर काय? तर कोठडीतून सोडायचं, इतकंच कलम २०२ म्हणतं. केस संपली असं ते म्हणत नाही.

कुठलं आज बोलायचं, कुठलं नंतर

इथं पक्षकार आणि वकील दोघंही चुकतात. काहींना वाटतं, चूक गुपचूप ठेवायची आणि शेवटच्या युक्तिवादात बॉम्ब टाकायचा. कलम ५११ चं दुसरं पोटकलम त्यासाठीच आहे. चुकीचा आक्षेप आधी घेता आला असता का आणि घ्यायला हवा होता का, हे कोर्टानं बघायचं आहे. आरोपाचा कागदच गोंधळाचा असेल, तारीख-ठिकाण समजत नसेल, कन्नडमधला आरोप तुम्हाला कळला नसेल, तर पहिल्याच तारखेला लेखी अर्ज द्या. आरोप सांगताना तो आरोपीला समजेल असा सांगायचा असतो, आणि साक्ष आरोपीला न कळणाऱ्या भाषेत होत असेल तर कळणाऱ्या भाषेत समजावून सांगायची तरतूद कलम ३१४ मध्ये आहे. "मला मराठीत सांगा" म्हणायला लाजू नका. कोर्ट चिडत नाही, उलट नोंद होते.

चिठ्ठीच्या वेळेसारखी विसंगती मात्र वेगळी. ती कागदाची चूक नव्हे, पुराव्यातली फट आहे. आधी अर्ज करून सांगितली असती तर घड्याळ मागं असल्याचा दाखला पुढच्या तारखेला फायलीत आला असता. ती उलटतपासणीसाठी राखून ठेवायची, आणि साक्षीदारानं आपल्या तोंडानं वेळ सांगितल्यावरच काढायची. कुठली चूक कुठल्या खान्यात बसते हे ठरवायलाच वकील पाहिजे. फी परवडत नसेल तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकाराकडं जा. बायका, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

आणि हे सगळं सुरू होण्याआधी, गुन्हा कबूल करू नका. "दंड भरून मोकळं होऊया" म्हणून हो म्हटलं की चूक पकडायचा प्रश्नच उरत नाही. कबुलीवरच्या शिक्षेविरुद्ध अपील जवळजवळ बंद होतं, शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का एवढ्यापुरतंच भांडता येतं. कबूल करायचं असेल तर खुशाल करा, पण कागद वाचून, ठरवून करा.

स्पेलिंगवरून हायकोर्टाच्या धारवाडच्या खंडपीठात जाऊन कलम ५२८ खाली केस रद्द करून आणतो म्हणणारे भेटतात. आणतील तर आणोत. मी तरी पक्षकाराचे पैसे त्यात घालणार नाही.

केस न पाडणारी चूकही दुरुस्त करा

आधारवर ज्ञानेश्वर डी-एन-वायनं सुरू होतो. चलनावर कन्नडमधून फिरून आला की जे-एन-एनं. पोरगं कोर्टांच्या ई-कोर्ट्स वेबसाइटवर आपलं नाव टाकून बघतं, काही निघत नाही, घरात सांगतं, "केसच नाही झाली." तारखा निघून जातात. मग एक दिवस वॉरंट घेऊन हवालदार दारात. म्हणून नावावर शोधू नका. एफआयआर नंबर आणि ठाणं टाकून शोधा. सीएनआर नंबर, म्हणजे ई-कोर्ट्सवरचा त्या केसचा स्वतंत्र नंबर, मिळाला तर उत्तमच. नावानंच शोधायचं तर आडनावाची पहिली तीन-चार अक्षरं वेगवेगळ्या स्पेलिंगनं टाका.

नोटिशीवर कोर्टाचं नाव किंवा तारीख चुकीची वाटली तरी घरी बसू नका. त्या दिवशी जा, ऑफिसात विचारा, जमलं तर तुम्ही येऊन गेल्याचं लेखी घ्या. छापलेली तारीख सुट्टीची निघाली तर पुढच्या कामाच्या दिवशी जा.

कॅमेऱ्याचं चलन आलं आणि फोटोतली गाडी तुमची नसेल, तर ही कारकुनी चूक नव्हेच, माणूसच दुसरा आहे. पैसे भरू नका. फोटोत नंबर प्लेट मोठी करून बघा. केए-२२, केए-२३ मधला शेवटचा आकडा आणि मधली दोन अक्षरं इथंच घोळ होतो. ई-चलनाच्या पोर्टलवर तक्रार टाका, सोबत आरसी आणि स्वतःच्या गाडीचा पुढून-मागून फोटो. गाडीचं मॉडेल वेगळं असेल तर ते पहिल्या ओळीत लिहा. प्लेट तुमच्याच नंबरची आणि गाडी दुसरी असेल तर कुणीतरी तुमचा नंबर वापरतंय, आणि तक्रार चलनापुरती न ठेवता पोलीस ठाण्यात लेखी द्या आणि पोच घ्या.

सही मागितली तर मराठीत करा, खाली तारीख आणि घड्याळ बघून वेळ घाला. कागद मराठीत वाचून दाखवला नसेल तर सहीशेजारी तसं लिहा. नकार मिळाला तर भांडू नका, घरी जाऊन काय झालं ते त्याच रात्री वहीत लिहून ठेवा.

नाव दुरुस्त करायचा अर्ज आधार आणि लायसनची नक्कल जोडून कोर्टातच करता येतो. बहुधा जुन्या नावापुढं "उर्फ" घालून बरोबर नाव येतं. केस सुटल्यावर निकालपत्रात चूक राहिली असेल तर कारकुनी चूक सुधारायचा अधिकार कोर्टाला कलम ४०३ खाली आहे. ह्याकडं आमच्याकडच्या पोरांनी तरी दुर्लक्ष करू नये. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर गावातच असल्यामुळं निम्मी पोरं भरतीची तयारी करत असतात. फॉर्ममध्ये केसची माहिती द्यावी लागते, आणि निर्दोष सुटल्याचा निकाल भलत्याच नावानं असला की पडताळणीत तो तुमचा आहे हे पटवत बसावं लागतं. निकालाच्या दोन सर्टिफाईड नकला काढा, एक घरी ठेवा, एक फॉर्मच्या फायलीत.